हाराविना फोटो

परराज्यातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या फोटो स्टुडिओत महानंदा नंबर यायची वाट बघत बसली होती. तिच्या पुढे चांद्याकडची दोघं भाऊबहीण एका पुरुषाचा फोटो मोठा करून घेत होती. दुकानदार बेळगावचा, त्यामुळे सगळं बोलणं मराठीतच चाललं होतं.

"फ्रेमला चंदनाचा हार घालू ना, अक्का?"

"नको."

"घाला, अण्णा," भाऊ दुकानदाराला म्हणाला. "ताई, भाऊजींना उचलून नेऊन दोन वर्षं झाली."

"मेलेले कोणी दाखवले तुला?"

"नाही, पण..."

"मग हार कशाचा?"

"खाली तारीख कुठली टाकू, अक्का?"

"ज्यांनी नेलं त्यांना विचारा. पोलिसांचे छावणीवाले म्हणतात, जंगलवाल्यांनी नेलं. जंगलवाले म्हणतात, छावणीवाल्यांनी."

"म्हणूनच म्हणतो, इथंच राहा. माझ्या कारखान्यात पॅकिंगला लावतो तुला. तिथं दोन्हीकडून बंदुका."

"आमच्या शिवेच्या आत एकही नाही. कोणीही आला की आम्ही बाया रस्त्यात बसतो. म्हणतो, बंदूक बाहेर ठेव, मग घरात येऊन पाणी पी."

"आणि नाही ठेवली तर?"

"तर आम्ही उठत नाही."

"एक दिवस मारतील, ताई."

"मारू देत. तोवर विचारत राहीन."

"मग फोटोचं काय करू, अक्का?"

"लॅमिनेशन करा. वर दोन भोकं पाडा, दोरी ओवायला. आणि असे दोन करा."

"दोन कशाला, ताई?"

"एक गळ्यात घालून मी छावणीच्या दारात बसते. दुसरा सासूबाईंना. त्या जंगलाच्या वाटेवर बसतात."