टॅनर्स क्लोजच्या वळणावरची गाडी

जबाब देणार : श्रीमती बेरिल ट्रान्टर, वय ७१ वर्षे, व्यवसाय – पूर्वी केशकर्तनालय, आता निवृत्त, राहणार घर क्र. ११, टॅनर्स क्लोज, हॅझलबोर्न.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. आमची गल्ली पुढे बंद आहे. आत येण्याची व बाहेर जाण्याची वाट एकच असून तिला मध्ये एक वळण आहे. स्टेशन जवळ असल्याने गल्लीतले बहुतेक लोक सकाळच्या गाडीने लंडनला कामावर जातात ते अंधार पडल्यावर येतात. दिवसा गल्लीत मी, माझ्या शेजारी घर क्र. १२ मध्ये राहणारी नोरा विंटल आणि मांजरे असतो. गल्लीत कोणाचे कोणाशी भांडण नाही. भांडायला माणूस घरी असावा लागतो. कोणी कचऱ्याचा डबा वेळेवर आत घेतला नाही तर मात्र गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच त्याचा फोटो येतो.

तक्रारदार श्री. डंकन प्रिडी हे घर क्र. ३ मध्ये राहतात. ग्रुप तेच चालवतात. त्यांनी अंगणात नवी फरशी बसवली आहे. तिच्यावर तेलाचे डाग पडू नयेत म्हणून ते आपली मोठी काळी गाडी वळणावर, अर्धी फुटपाथवर चढवून लावतात. समोरच्या बाजूला कुंपणाची दाट झाडी आहे. मी त्यांना वसंतात एकदा बोलले होते, "अरे डंकन, तिथं कचऱ्याची गाडीसुद्धा अडते. उद्या कुणाला अ‍ॅम्ब्युलन्स लागली तर?" त्यावर ते म्हणाले, "बेरिल, तुम्ही तर ठणठणीत आहात. आम्हा सगळ्यांना पोचवूनच जाल."

मागील गुरुवारी सकाळी मी नोराचे केस करण्यासाठी तिच्या घरी गेले. नोरा त्र्याऐंशी वर्षांची होती. ती पूर्वी गावच्या तलावावर पोहणे शिकवत असे. तिचा आवाज अजून तसाच खणखणीत होता. मी कर्लर लावत असताना ती म्हणाली, "अगं, जरा हळू. डोकं आहे ते, बटाटा नाही." तेच तिचे शेवटचे नीट बोलणे. नंतर हातातला कप पडला व ती खुर्चीतच एका बाजूला कलली. मी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला. पलीकडच्या बाईने सांगितले की, तिला कुशीवर झोपवा आणि गाडीसाठी वाट मोकळी ठेवा. मी नोराला गालिच्यावर कुशीवर घेतले. खिडकीतून बघते तर वळणावर ती काळी गाडी.

मी डंकनना फोन केला. त्यांनी तो कापला. पुन्हा केला, पुन्हा कापला. त्यांच्या घरी कोणी नव्हते. गाडी ढकलायला किंवा निदान नोराजवळ बसायला कोणीतरी मिळावे म्हणून मी समोरच्या घर क्र. ६ ची बेल दाबली. तिथे कॅमेऱ्याची बेल आहे. घरमालकीण टॅमसिन हिचा आवाज बेलमधून आला, "पार्सल ना? शेजारी ठेवा प्लीज."

मी म्हटले, "टॅमसिन, शेजारीण मीच आहे. बेरिल. नोरा पडलीय. घरात कोणी आहे का?"

ती म्हणाली, "अरे देवा! मी ऑफिसात आहे हो. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केलात का?" आणि आवाज बंद झाला. पुढच्या घराच्या बेलनेही पार्सलच विचारले. त्यापुढच्या बेलने काहीच विचारले नाही, फक्त तिचा निळा दिवा लागला. मी नोराकडे परत गेले.

अ‍ॅम्ब्युलन्स आली ती वळणावर अडकली. भोंगा वाजत राहिला, चाके हलेनात. त्यातील एक बाई व एक पुरुष पिशव्या घेऊन धावत आले. त्या बाईने मला विचारले, "ती गाडी कोणाची? चावी मिळेल का?" मी नाही म्हणाले. ते दोघे नोराला पाहत होते तेव्हा मी मागच्या शेडमधून नोराचे फावडे घेतले, वळणावर गेले व गाडीची चालकाच्या बाजूची काच फोडली. हँडब्रेक सोडून गाडी ढकलावी असे माझ्या मनात होते. माझ्या नवऱ्याच्या गाडीत दांडी असायची. या गाडीत दांडी नव्हती. मी दिसतील ती सगळी बटणे दाबली. गाडी हलली नाही. तिचा भोंगा मात्र सुरू झाला.

भोंगा सुरू होताच माझा फोन वाजला. डंकन होते. आता त्यांना वेळ होता. ते म्हणाले, "बेरिल, माझ्या गाडीला कोण हात लावतंय? मला मोबाइलवर दिसतंय."

मी म्हटले, "मीच लावतेय. अ‍ॅम्ब्युलन्स अडकलीय, नोरा मरायला टेकलीय. चावी कुठंय?"

"चावी माझ्याकडे आहे, लंडनला. हे बघा, तिला दोर लावून ओढू नका हं, गिअरबॉक्स जातो."

मी फोन कापला.

गाडी आणि झाडी यांच्यामधून स्ट्रेचर जाईना, म्हणून त्या दोघांनी नोराला खुर्चीत बांधून हातांवर नेले. झाडीच्या फांद्या तिच्या तोंडाला लागत होत्या, त्या मी धरल्या. तिच्या डोक्यात अर्धे कर्लर तसेच होते. ते काढावे की नाही हे मला सुचले नाही. नोरा त्याच दुपारी इस्पितळात वारली. लवकर पोचली असती तर वाचली असती काय, हे सांगता येणार नाही असे डॉक्टर म्हणाले. तेही इथे लिहावे.

संध्याकाळी श्री. प्रिडी माझ्या दारात आले व म्हणाले, "नोराचं मला खरंच वाईट वाटतं. पण हे दोन वेगळे विषय आहेत, बेरिल. ग्रुपवर माफी मागा, मी तक्रार करत नाही."

मी म्हटले, "दोन नाहीत रे बाबा, एकच विषय आहे. तुझी फरशी." आणि दार लावून घेतले. थोड्या वेळाने त्यांनी नोराच्या निधनाची बातमी ग्रुपवर टाकली. सर्व घरांतून लाल बदाम आले. नोराच्या दाराशी कोणी आले नाही.

आज इकडे येताना ती गाडी वळणावरच उभी होती. काच नवी होती.

झाल्या प्रकाराबद्दल खेद वाटतो असे लिहू काय, असे मला साहेबांनी विचारले. लिहू नये. काच फोडून काही उपयोग झाला नाही हे मला मान्य आहे. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा फोडीन.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. त्यात 'झटापटीत गाडीची काच फुटली' असे लिहिले होते. झटापट झाली नाही, झटायला तिथे कोणी नव्हते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'मी काच फोडली' असे केले आहे. आता तो मी बोलले तसा आहे म्हणून सही करते.

(सही) बेरिल ट्रान्टर