पोलिसांसाठीचा खड्डा

कॅलिफोर्नियानं गांजा कायदेशीर करून त्यावर कर लावला, तेव्हापासून डोंगरातल्या त्या परवाना कचेरीची रांग काही हटत नव्हती. रांगेत उभ्या असलेल्या नोरीनच्या पुढेच गांजा पिकवणारे दोन म्हातारे शेतकरी होते.

“मिळाला का परवाना, वेन्डेल?”

“कसला मिळतोय! करासाठी शेत बघायला आलेल्या साहेबाची गाडी वाटेतच खड्ड्यात गेली.”

“अरे, तो तर पोलिसांच्या गाड्या अडकाव्यात म्हणून आपणच खणलेला!”

“हो ना. मीही सवयीनं रानात पळालो.”

“आणि साहेब?”

“त्यानं पोलिसांना फोन लावला. ते म्हणाले, त्या खड्ड्यापुढं आम्ही कधी गेलोच नाही.”

“मग आता?”

“आधी खड्डा बुजवा, मग परवाना, असं कचेरीवाले म्हणतात.”

“मग बुजव की लेका!”

“बुजवतो, पण वरवर. उद्या कायदा फिरला, तर या वयात परत कुठं खणत बसू?”