स्वस्तात जिंकलेला माणूस

आमच्या ओक्लाहोमातल्या कॉलेजने फुटबॉलच्या प्रशिक्षकाला हाकललं, तर करारापोटी त्याला एक कोटी वीस लाख डॉलर मिळणार होते. ठेवलं, तर बिचाऱ्याला काम करावं लागणार होतं. नाश्त्याच्या रांगेत माझ्यापुढे दोघं उभे होते: कॉलेजचे मोठे देणगीदार, ट्रॅक्टरवाले व्हर्लन, आणि तिथलेच कुस्तीचे प्रशिक्षक डेल.

"आठ सामने जिंकला की रे तो, व्हर्लन!"

"पण शेजारच्या कॉलेजशी हरला! त्या सामन्याच्या तारखेला आमच्या घरात आजोबांपासून कुणी लग्नसुद्धा ठरवत नाही. कालच हाकलला त्याला. मीच वीस लाख घातले."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्या देणगीदारांनी. थोडे कमी पडतायत, ते काटकसरीतून काढू."

"कसली काटकसर?"

"आधी खाऊन घे, गड्या."

"कुस्ती बंद करताय?"

"या हंगामानंतर."

"पाच वेळा अजिंक्यपद आणलंय मी! पोरांची गाडी मी चालवतो, कपडे माझी बायको धुते."

"तेच नडलं ना! तुझ्या करारात हाकलल्याची भरपाईच नाही. तू महाग असतास, तर हात लावला असता का कुणी?"

"म्हणजे जिंकून चुकलंच माझं."

"जिंकून नाही रे. स्वस्तात जिंकून."

तेवढ्यात गल्ल्यावरच्या बाईंनी विचारलं, "बिल एकत्र की वेगळं?"

व्हर्लननी खिसे चाचपले. "डेल, पाकीट ट्रकमध्येच राहिलं बघ."

बावीस डॉलर डेलनी दिले. वर तीन टीप.