साहेबांची वर्दी आणि दादाचे पाय

जबाब देणारी: घरी-दारी सगळे मुकी म्हणतात. वय सतरा. शाळा आठवीत सुटली. धंदा इस्त्रीचा. राहायला दुकानाच्याच वरच्या खोलीत, आई आणि दादासोबत.

समक्ष हजर राहून सांगते की, माझा दादा चोर नाही. त्याच्या हातात सापडलेली वर्दी याच ठाण्यातल्या मोठ्या साहेबांची आहे. आमच्याकडे इस्त्रीला आली होती.

दादाला कानात आवाज येतात. त्यावर गोळ्या चालू आहेत. आधीच्या गोळीने तो नुसता झोपायचा. या महिन्यात डॉक्टरबाईंनी गोळी बदलली आणि दादा उठून चालायलाच लागला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. जेवतानाही उभा. आई म्हणाली, "पोरगं हुशारलं गं!" आम्ही इतक्या खूश झालो की कपडे पोचवायचं काम त्यालाच दिलं. गिऱ्हाईकं म्हणायची, काय फास्ट झालंय तुमचं! दादा म्हणायचा, "मुके, आतून कुणीतरी पाय ढकलतंय." मी म्हणायचे, ढकलू दे की, अजून शर्ट राहिलेत.

आज दुपारी तो वर्दी हँगरला लावून निघाला. ठाण्याच्या दारात कळलं, साहेब जेवायला गेलेत. बाकावर थांबायचं, तर त्याला बसवेना. म्हणून समोर सराफाच्या दुकानापुढे येरझाऱ्या घालत राहिला. सराफ नवीन आहेत. ते ओरडले, "वर्दी चोरून दुकान हेरतोय!" दादा थांबला नाही, त्याला थांबताच येत नव्हतं. मागे सराफ, सराफांच्या मागे केळीवाली मावशी, मावशीमागे ओरडा ऐकून दुकानातून धावत आलेली मी. माझ्या हातात इस्त्री तशीच, वायर रस्त्यावर घासत. दादा पळतही नव्हता, तरी कुणाला सापडेना. शेवटी आपणहून ठाण्यात शिरला, वर्दी इथेच द्यायची होती ना.

हवालदारकाका म्हणाले, "आत टाकतो, बसेल गप." दादा म्हणाला, "मला आता गोळीच नको." मागे त्याने गोळी सोडली होती, तेव्हा काय झालं ते लिहू नका.

मी काकांचाच फोन मागून दवाखान्यात लावला. मी फोनवर बोलत नाही कधी. नर्सबाई म्हणाल्या, हे आजाराचं नाही, गोळीचं आहे, पुष्कळांना होतं. मनाने बंद करू नका, आजच आणा. डॉक्टरबाई डोस कमी करतील, नाहीतर पाय शांत व्हायला दुसरी गोळी देतील. "आधी का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, "आम्हाला आवडलं होतं." काका टेबल बडवून हसले. सराफही हसले. मग दादा हसला. हे नक्की लिहा.

तेवढ्यात साहेब आले. म्हणाले, "अरे, माझी वर्दी माझ्याआधीच हजर?"

दादा म्हणाला, पाय थांबणार असतील तर घेतो गोळी. सराफांची आता तक्रार नाही. वर्दीची डावी बाही चुरगळली, ती परत करून देते.

दादाला बसवत नव्हतं, म्हणून काकांनी त्याच्यासोबत व्हरांड्यात फेऱ्या मारत हे सगळं वाचलं, आणि मी मागून चालत ऐकलं. मी बोलले तसंच आहे. सही करून आम्ही दवाखान्यात जातोय. काका रिक्षा बोलवत होते. दादा म्हणाला, चालत.