सणात सांगाडा नको

सभेचे अध्यक्ष सूर्यकांतजी, मंचावरची कार्यकारिणी, सत्कारमूर्ती मनोरमाबाई, आणि शुक्रवारची दुपारची झोप मोडून दुबईतल्या अल कुसैसच्या या हॉलमध्ये आलेल्या बंधुभगिनींनो,

बाईंचे यजमान कॉन्ट्रॅक्ट संपवून परतताहेत, बाई उद्या त्यांच्याबरोबर नाशिकला निघाल्या. इथपर्यंत खरं. पण अध्यक्ष आत्ता म्हणाले, "बाईंच्या जाण्यानं चित्रकलेचा वर्ग बंद पडतोय." साफ खोटं! वर्ग दिवाळीतच बंद केला. आपण केला.

बाईंनी मुलांना युरोपातली पाचशे वर्षांपूर्वीची चित्रं दाखवली. लाकडावर कोरून कागदावर छापलेली. त्यांत मृत्यू म्हणजे एक सांगाडा. राजाच्या पेल्यात तोच ओततो, म्हाताऱ्या शेतकऱ्याचे घोडे तोच हाकतो. कुणाला सोडत नाही, कुणापुढे वाकत नाही. जत्रेत विकली जायची ही चित्रं! त्या लोकांची पोरं काय घाबरून मेली?

आणि आपण? आपल्याकडे मुलांची परीक्षा असली की गावी वारलेलं माणूससुद्धा पेपर संपेपर्यंत जिवंत ठेवतात. हसू नका, तुमच्याही घरात झालंय. माझे वडील पुण्यात वारले. मी एकटा जाऊन अग्नी देऊन आलो. आमच्या मिहिकाची परीक्षा होती, म्हणून माझ्या बायकोनं, अनुराधानं, तिला सांगितलं, "बाबा मीटिंगला गेलाय." दहा वर्षांची पोर बारा दिवस रोज विचारत होती, "आजोबा फोनवर का येत नाहीत?" मी म्हणायचो, "झोपलेत."

तिला कळलं, तेव्हा ती रडली नाही. माझ्याशी बोलायची थांबली. मग बाईंच्या वर्गात तिनं फळी कोरली, शाई लावली, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घासून चित्र छापलं. खुर्चीत आजोबा, शेजारी सांगाडा. मी ओरडलो, "हे काय अभद्र?" ती म्हणाली, "बट बाबा, ही इज होल्डिंग हिज हँड. यू वेअर नॉट देअर."

दिवाळीच्या प्रदर्शनात ते चित्र लागलं आणि कार्यकारिणी खवळली. सणासुदीला सांगाडा! तक्रारीचा अर्ज झाला. चौदा सह्या. अध्यक्ष, पहिली कुणाची होती, तेही सांगायचं होतंत. माझी होती! जन्मभर व्यासपीठांवरून सत्य, सत्य म्हणून गर्जणाऱ्या या उपेंद्रची. पोरीचं खरं बोलणं मला सोसलं नाही, म्हणून मी तिच्या बाईंचा वर्ग मोडला. आणि तुम्ही तेरा जणांनी एकदाही विचारलं नाहीत, "अहो, चित्र तुमच्याच मुलीचं ना?"

बाई, शाल-श्रीफळानं हे झाकलं जात नाही. तुम्ही माझ्या मुलीला रडायला जागा दिलीत. मी तुमचा अपराधी आहे.

मंडळानं बोलू दिलं, आभारी आहे. आवाज चढला, कुणाचा मान राहिला नसेल, तर लहान-मोठ्यांनी पदरात घ्यावं. वर्ग पुढच्या शुक्रवारपासून माझ्या घरी भरेल, शिकवणारं कुणी मिळेपर्यंत मुलं आपापली कोरतील.

मिहिका, आण ते चित्र. अध्यक्ष, तुमच्या मागची भिंत हवी आहे. जरा सरकता?