लाल रेघ आणि माझं मौन

...आणि वर मलाच विचारतात, तुमची मुलगी घरातसुद्धा ऑफिस चालवते का हो! आता काय सांगायचं यांना? चालवते की! चांगलं चालवते! जी मुलगी मोठमोठ्या पुलांची कामं कधी सुरू व्हायची आणि कधी संपायची ते ठरवते, तिनं आजीसाठी एक न्हाणीघर वेळेत बांधून घेतलं तर बिघडलं कुठे? तुम्हाला सांगते, लोकांना कामं रखडलेलीच आवडतात. वेळेत झालं की त्यांना कसंतरीच होतं...

म्हणजे झालं असं, की आमच्या सासूबाई पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, देवाच्या दयेनं नीट झालं, आणि मग त्यांना शुश्रूषा केंद्रात ठेवलं, चालायला शिकवायला. तिथं त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं की घरी मी येईन ती माझ्या पायांनी, आणि न्हाणीघरात जाईन ती एकटी. कुणी धरून न्यायचं असेल तर मी इथंच बरी. आता सासूबाईंनी एकदा म्हटलं की म्हटलं! आणि केंद्रवाल्यांनी तारीख दिलेली, त्या दिवशी पलंग रिकामा करायचा, कारण पुढचा पेशंट ठरलेला. तोवर घर तयार नसलं तर धाकट्या दिरांकडे न्यायचं. ते राहतात इतके लांब, की एकदा तिकडे गेल्या की परत आमच्या घरात कसल्या येतात! माझं सगळं आयुष्य त्यांच्या हाताखाली गेलं हो. घरात त्यांची हाक नाही तर मला दिवस उजाडल्यासारखं वाटत नाही.

तर काय ठरलं, की तळमजल्यावरची अडगळीची खोली रिकामी करायची आणि तिला लागून न्हाणीघर बांधायचं. आमचे हे म्हणाले, होईल. ह्यांचं सगळं ‘होईल’ असतं.  संध्याकाळी मुलीनं एक लांबलचक कागद आणला, जेवणाच्या टेबलावर पसरला आणि रंगीत पट्ट्या काढायला बसली. निळी प्लंबरची, तपकिरी फरशीवाल्याची, पिवळी वायरमनची. म्हणाली, आई, बघ, पाइप झाल्याशिवाय फरशी नाही, फरशीच्या आधी पाणी अडवणारा खालचा थर वाळायला हवा, आणि वाळायला जो वेळ लागतो तो कुणाच्या बापाला कमी करता येत नाही. मग काही पट्ट्यांखालून लाल रेघ ओढली. या रेघेवरचं एक जरी काम घसरलं ना, तर आजीची तारीख घसरली.

मी तर बघतच राहिले! एवढीशी होती तेव्हा दप्तर भरायला रडायची, आणि आता वाळण्याचासुद्धा हिशोब! कुणी काही विचारलं की मी सांगायला मोकळी... तक्त्यात आहे!

आता त्या तक्त्यात माझंही नाव होतं बरं का. चांगलं लाल रेघेवर! कारण ती आणि हे दिवसभर ऑफिसात. कामगारांना शंभर गोष्टी विचारायच्या असतात, नळ कुठे, दार कुठल्या बाजूला उघडायचं, दिव्याचं बटण किती उंच. त्या सगळ्यापुढे तिनं ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘आईला विचारा’. ऊर भरून आला माझा! पुलांवर जशी साहेबमंडळी, तशी इथं मी!

फक्त एक अडचण होती. मी बोलत नव्हते.

म्हणजे संध्याकाळी बोलत होते. सकाळी नाही. अहो, सासूबाईंना ऑपरेशनला आत नेलं ना, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून मी देवापुढे संकल्प सोडला, की या स्वतःच्या पायांनी घराचा उंबरा ओलांडेपर्यंत मी रोज सकाळी उठल्यापासून दुपारी जेवेपर्यंत मौन धरीन. आता संकल्प काय ढोल बडवून सांगायचा असतो? नाही सांगितलं. आणि तुम्हाला गंमत सांगते, घरात कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही! सकाळी सगळे धावतच असतात. हे पेपरामागून ‘चहा’ म्हणतात, चहा येतो. मुलगी ‘जाते गं’ म्हणते, मी हात हलवते. ह्यांना तर, देवाशपथ, घर जरा शांत झाल्यासारखं वाटून बरंच वाटलं असणार...

आणि कामगार यायचे कधी? सकाळी!

प्लंबरचं नाव आम्ही ‘निघालोच’ ठेवलं होतं. कधीही फोन करा, ‘निघालोच!’ पण तक्ता लागल्यापासून तोही वेळेवर यायला लागला, बिचारा यायचा, तक्त्यावर आपली निळी पट्टी बोटानं शोधायचा, आणि मला विचारायचा, काकू, हे कसं करू? मी हातवारे करायचे. लिहून का नाही दाखवलं म्हणाल, तर लिहिणं म्हणजे कागदावर बोलणंच की! पळवाट काढायची तर मौन धरायचंच कशाला? नळाचं जमलं, बटणाचं जमलं. फरशीही बसली, तीही वेळेत... तक्त्यात होतं तसंच!

मग आला दांडा. भिंतीला लावतात ना, धरून चालायला, स्टीलचा. सासूबाईंचा डावा पाय दुखरा, म्हणून आत जाताना आधार उजव्या हाताला हवा. निघालोच न्हाणीघराच्या दारात उभा, मी त्याच्यासमोर खोलीत. काकू, कुठल्या बाजूला? आता मी काय केलं, मी सासूबाईच झाले! कंबरेत वाकले, डावा पाय ओढत दोन पावलं टाकली आणि उजवा हात पुढे करून हवेतला दांडा घट्ट धरला. इतकं हुबेहूब केलं की फरशीवाला हातातलं काम सोडून बघायला आला! निघालोचनं मान डोलावली, वळला, आत गेला आणि भोकं पाडून दांडा पक्का करून टाकला. डाव्या भिंतीवर. बरोबरच आहे हो, त्याच्या समोर उभी राहून केलं तर माझा उजवा हात त्याला डावीकडेच दिसणार ना! मी आत जाऊन पाहिलं आणि तोंडावर हात दाबून उभी राहिले. ओरडायचीसुद्धा सोय नाही!

संध्याकाळी मुलीनं पाहिलं. आधी दांड्याकडे, मग माझ्याकडे. काढायचा तर भिंतीच्या नव्या फरश्या फोडा, त्यांच्याबरोबर आतला थर फुटणार, तो परत घाला, परत वाळवा... म्हणजे लाल रेघ गेली, तारीख गेली, सासूबाई गेल्या दिरांकडे! मग मी सगळं सांगून टाकलं. म्हटलं, उद्यापासून सोडते मौन. देवाला कळतं, तो काही आपल्याएवढा हट्टी नसतो.

तिनं तक्ता पुढ्यात ओढला. मग म्हणाली, “तू काही सोडायचं नाहीस, आई. काम कुणाकडून कधी होणार हे त्या माणसाला न विचारता मी तक्ता काढला. ऑफिसात असं कुणी केलं असतं तर मी त्याला घरी पाठवलं असतं.”

आणि तिनं पेन घेतलं, आणि निळ्या-पिवळ्यांच्या शेजारी एक केशरी पट्टी काढली. ‘आईचं मौन’. हो! छापल्यासारख्या अक्षरात! माझा संकल्प तक्त्यात! सकाळी ज्यात काही विचारावं लागत नाही ती कामं, कापणं, घासणं, रंग देणं. प्रश्न सगळे जेवणानंतर, एकदम. तुम्हाला खोटं वाटेल, पण काम आधीपेक्षा भरभर चाललं! दर प्रश्नाला थांबणं बंद झालं ना! फरशीवाल्यानं तर सकाळचा रेडिओसुद्धा बंद केला आपण होऊन.

आणि दांडा? ती न्हाणीघरात गेली, आजीसारखी पाय ओढत आत चालली, बसली, उठली, वळली, बाहेर आली. म्हणाली, “उजवीकडे दुसरा लावू. हा राहू दे. आजी परतही येणारच आहे ना.” वळल्यावर ती डावी भिंत उजव्या हाताला येते! सुचलं असतं कुणाला? मला नाही, ह्यांना नाही, निघालोचला तर नाहीच.

तर ठरल्या दिवशी, सकाळी, सासूबाई आल्या. धाकटे दीरही आले होते, त्यांनी हात पुढे केला, तो सासूबाईंनी काठीनं बाजूला सारला आणि उंबरा ओलांडला. स्वतःच्या पायांनी. कुणाशी न बोलता सरळ न्हाणीघराकडे. आम्ही सगळे दाराबाहेर कान लावून. आत एकटीची पावलं... मग पाणी... मग परत पावलं. दार उघडलं. सासूबाईंनी एका दांड्याला काठी लावली, मग दुसऱ्याला. म्हणाल्या, “जाताना हा, येताना तो. डोकं चालवलंय कुणीतरी.”

दीर म्हणाले, नातीनं केलंय सगळं. तक्ता काढून.

सासूबाईंनी नातीला जवळ ओढलं, तिच्या गालावरून हात फिरवला आणि साऱ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “कळलंच मला. ही पोर माझ्यावर गेलीये.”

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. हे पेपरात शिरले. आणि माझा संकल्प तर उंबऱ्यापाशीच पुरा झालेला, म्हणजे मी बोलायला मोकळी! एवढ्या दिवसांनी सकाळचा पहिला शब्द, आणि मनात तर काय काय येऊन गेलं, नऊ महिने कुणी वाढवली, दप्तर कुणी भरलं, पाढे कुणी पाठ करून घेतले... पण समोर सासूबाई, आपल्या घरात, आपल्या पायांवर उभ्या!

म्हटलं, “हो आई, अगदी तुमच्यावर गेलीये.”