मोहिमेआधीचं पथ्य

सदाशिव पेठेत वैद्य दिगंबरशास्त्र्यांच्या ओसरीवर मी पाळीची वाट पाहत बसलो होतो. माझ्यापुढे एक अंगानं सुटलेला शिलेदार आणि त्याची बायको होती.

"दसऱ्याला मोहीम निघेल, शास्त्रीबुवा. माझ्या वजनानं घोडी पाऊल टाकत नाही."

"घोडी शहाणी आहे. मी सांगितलेलं पथ्य?"

"दिवसभर पाळतो. दिवे लागले की मात्र जीव खा-खा करतो."

"मग जिवाला काय देता?"

"दोनच लाडू."

"नारळाएवढे?"

"आणि एखादं थालीपीठ. लोण्याशिवाय घशाखाली उतरत नाही."

"बिचारं थालीपीठ. हे सगळं चोरून खाता?"

"चोरून कशाला? हीच पुढ्यात आणून ठेवते."

"बाई, पथ्य तुम्हालाही समजावलं होतं."

"समजलं होतं."

"असंच चाललं तर यांना मोहिमेवर कोणी नेणार नाही."

"माझा थोरला भाऊ गेल्या मोहिमेतून परत आला नाही, शास्त्रीबुवा. तो चांगला सडपातळ होता."

शास्त्रीबुवांच्या हातातला बत्ता थांबला. शिलेदार बायकोकडे बघत राहिला, मग उठला.

"येतो, शास्त्रीबुवा."

"अहो, औषधाच्या पुड्या राहिल्या."

"मोहीम निघून गेली की येऊन नेतो."